मदत हवी आहे: पाइप ऑर्गनच्या सॅम्पल संचातल्या निम्म्या खुंट्या वाजतच नाहीत, एक भलताच सूर देते

रंकाळा_पेटीवाला
नमस्कार मंडळी. घाई आहे म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. आमच्या नाटकात जुन्या चर्चमधला एक प्रवेश आहे, त्याचं पार्श्वसंगीत माझ्याकडे आलंय. सॅम्पल संच (खऱ्या ऑर्गनच्या नळ्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज) कॉम्प्युटरवर टाकला, उघडतोय, पडद्यावर सगळ्या खुंट्या (नळ्यांची एकेक रांग चालू-बंद करणारे दट्टे) दिसतात. मला एकेक खुंटी ओढून तिचा आवाज नीट ऐकायचाय, मग कुठे काय वाजवायचं ते ठरवणार. पण निम्म्या खुंट्या ओढल्या तरी चिडीचूप. एक खुंटी अशी की सा दाबला तर पंचम येतो, तोही वरच्या सप्तकातला. वरच्या टोकाच्या काही पट्ट्या कुठल्याच खुंटीवर बोलत नाहीत. जास्त खुंट्या एकदम ओढल्या की खरखर सुटते. संचच बिघडलाय का? रविवारी रेकॉर्डिंग द्यायचंय. माहीत असेल त्यांनी पटकन सांगा की.

शाहूपुरी_साउंड
भावा, कुठलं सॉफ्टवेअर? कुठला संच? विंडोज का लिनक्स? रॅम किती? आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकतोयस का साउंड कार्ड आहे? यातलं काहीच लिहिलेलं नाहीस.

रंकाळा_पेटीवाला
ग्रँडऑर्ग. संच मित्राने पेनड्राइव्हवर दिला, चर्च कुठलं ते त्यालाही आठवत नाही. कीबोर्ड साधाच आहे.

शाहूपुरी_साउंड
साधा म्हणजे? यूएसबीने लॅपटॉपला जोडलेला मिडी कीबोर्ड का टाइप करायचा? किती पट्ट्यांचा? बाकीचे प्रश्न तसेच राहिलेत.

भजनी_गंगावेश
पेटीचा सूर बोलत नसेल तर बहुतेक वेळा रीडखाली कचरा अडकलेला असतो. वरची फळी काढून पातळ कागदाची पट्टी रीडखालून हलक्या हाताने फिरवा. रीड वाकवू नका, सूर उतरतो. ट्यूनिंग मात्र कारागिराकडूनच करून घ्या.

रंकाळा_पेटीवाला
काका, पेटी नाही, कॉम्प्युटरवरचा ऑर्गन आहे. @शाहूपुरी_साउंड यूएसबी कीबोर्ड, ६१ पट्ट्या. विंडोज. रॅम ८ जीबी. लॅपटॉपचेच स्पीकर.

फुल_ऑर्गन
ग्रँडऑर्गमध्ये वेळ घालवू नका, हॉप्टवर्क घ्या. चांगले मोठे संच बरेचसे त्याच्यासाठीच बनतात आणि दुसरीकडे उघडतही नाहीत. हवेच्या दाबाचा खेळ त्यात फार बारकाईने केलाय. मी ते घेतल्यापासून मागे वळून पाहिलेलं नाही.

शाहूपुरी_साउंड
रविवारी रेकॉर्डिंग द्यायचंय त्याला. आज पैसे भरून नवीन सॉफ्टवेअर शिकायला सांगताय? ग्रँडऑर्ग फुकट आहे, खुलं आहे, आणि एका प्रवेशाला पुरून उरतं.

फुल_ऑर्गन
फुकट आहे म्हणून चांगलं, हा हिशेब मला पटत नाही. आवाज कानांनी ठरवायचा.

जवारी
दोघांचंही नंतर बघू. @रंकाळा_पेटीवाला दादा, ज्या खुंटीवर सा दाबला की पंचम येतो, तिच्यावर २ २/३ असा आकडा आहे का? आणि नाव नसार्ड किंवा त्याच्या जवळपासचं?

रंकाळा_पेटीवाला
होय! नसार्डच. बाकीच्या खुंट्यांवर मोंत्र ८, बूर्दों ८, प्रेस्तां ४, दुब्लेत २, टिएर्स १ ३/५, फुर्नित्यूर, त्रोंपेत ८ अशी नावं आहेत. पेडलच्या बाजूला सूबास १६.

जवारी
मग संच फ्रेंच पद्धतीचा आहे आणि तो बिघडलेला नाही.

आकडा म्हणजे सगळ्यात खालच्या पट्टीच्या उघड्या नळीची लांबी, फुटांत. ८ फुटी खुंटी ओढली की जी पट्टी दाबाल तोच सूर मिळतो. ४ फुटी एक सप्तक वर, २ फुटी दोन सप्तकं वर, १६ फुटी एक सप्तक खाली. आता २ २/३ म्हणजे आठाचा तिसरा हिस्सा. म्हणून मूळ सुराचा तिसरा स्वयंभू स्वर (सुरासोबत आपोआप उमटणारा वरचा स्वर, हार्मोनिक) वाजतो, तो वरच्या सप्तकातला पंचम. १ ३/५ म्हणजे आठाचा पाचवा हिस्सा, म्हणजे दोन सप्तकं वरचा गांधार. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली आणि जवारी नीट लागलेली असली की जो गांधार आपोआप कानावर येतो, तोच हा. ऑर्गन बांधणाऱ्यांनी त्याच्यासाठी नळ्यांची वेगळी रांगच बसवली.

या खुंट्या एकट्या ऐकायच्या नसतात. आधी बूर्दों ८ ओढा आणि एक सूर धरून ठेवा. सूर चालू असतानाच नसार्ड ओढा. पहिल्या क्षणी पंचम वेगळा कळेल, मग तो मूळ सुरात मिसळून जाईल आणि उरेल तो बूर्दोंचाच सूर, पण रंग बदललेला, जरा नाकातला. आता ४, २ आणि टिएर्सही घाला. ही पाच खुंट्यांची जोडणी म्हणजे फ्रेंचांचा कोर्ने. एकही जिभेची नळी (जिच्यात रीड थरथरते ती) न वापरता जिभेच्या वाद्यासारखा धारदार आवाज निघतो. मला या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त हेच आवडतं.

भजनी_गंगावेश
ताई, हा गांधार पेटीच्या गांधाराशी जुळतो का?

जवारी
नाही काका. पेटीचा गांधार समान अंतराच्या ट्यूनिंगमधला असतो. स्वयंभू गांधार त्याच्यापेक्षा सुमारे १४ सेंट उतरलेला, आणि १०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर. टिएर्सच्या नळ्या शुद्ध लावलेल्या असतात, म्हणून तर तो गांधार मूळ सुरात विरघळतो. ग्रँडऑर्गच्या मेनूत टेंपरामेंट, म्हणजे सुरांमधली अंतरं ठरवायची पद्धत, बदलायची सोय आहे. मीनटोन ही शुद्ध गांधाराची जुनी पद्धत लावून सा-ग-प एकत्र धरून बघा. गांधार जागेवर बसल्यासारखा वाटेल.

पायपेटी_अण्णा
आमच्या पिढीला ऑर्गन म्हणजे नाटकातला ऑर्गन, पायाने भाता मारायचा. त्यात नळ्या नसतात, धातूच्या रीड असतात. अमेरिकन पद्धतीच्या ऑर्गनमध्ये भाता हवा आत ओढतो, हार्मोनियममध्ये बाहेर ढकलतो, म्हणून दोन्हींचा स्वभाव वेगळा. आपलं कोल्हापूर तर पेटीवादक गोविंदराव टेंब्यांचं गाव. केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत जळालं, ते दुःख अजून कमी होत नाही. नाटक कोल्हापूरचं आहे तर कुणाकडची जुनी पायपेटी आणा आणि खरी वाजवा. कॉम्प्युटर कशाला?

जवारी
अण्णा, पायपेटी मलाही प्रिय आहे, पण प्रवेश चर्चमधला आहे. नळीत हवा शिरताना जो हलका फुस्स होतो, सूर सोडल्यावर दगडी भिंतींत जो आवाज फिरत राहतो, ते रीडमधून येणार नाही.

पायपेटी_अण्णा
इथल्या बऱ्याच चर्चमध्ये पायपेटीवरच प्रार्थना व्हायच्या. नाटक कुठल्या गावात घडतं ते आधी विचारा.

रंकाळा_पेटीवाला
अण्णा, नाटक गोव्यात घडतं आणि दिग्दर्शकाला नळ्यांचाच आवाज पाहिजे. ताई, नसार्ड कळलं, लई भारी समजावलंत. पण चिडीचूप खुंट्यांचं काय? रविवार जवळ आलाय.

शाहूपुरी_साउंड
चिडीचूप खुंट्या सगळ्या एकाच गटात आहेत का? म्हणजे पडद्यावर दोन मॅन्युअल (हाताच्या पट्ट्यांच्या ओळी) आणि एक पेडल (पायाच्या पट्ट्या) असेल, तर बंद पडलेल्या सगळ्या दुसऱ्या मॅन्युअलच्या आणि पेडलच्या?

रंकाळा_पेटीवाला
हो, आता बघितलं तर तसंच आहे. सूबासही त्यातच.

शाहूपुरी_साउंड
मग सोपं आहे. तुझा कीबोर्ड फक्त पहिल्या मॅन्युअलला जोडलेला आहे. दुसऱ्या मॅन्युअलच्या चित्रावर राइट क्लिक कर, मिडीची खिडकी उघडेल, तिथे ऐकायचं बटण दाबून तुझ्या कीबोर्डची एक पट्टी दाब. झालं. पेडलचंही तसंच. ऐकायचं काम संपेपर्यंत तिन्ही एकाच कीबोर्डवर ठेवलेस तरी चालेल, फक्त ज्या गटाच्या खुंट्या ऐकायच्या त्यांच्याशिवाय बाकीच्या आत ढकल.

वरच्या पट्ट्या न बोलणं हाही बिघाड नाही. तुझ्याकडे ६१ आहेत, पण कित्येक ऑर्गनना ५४ किंवा ५६ पट्ट्याच असतात. तिथे नळीच नाही तर आवाज येणार कुठून?

खरखरीबद्दल एक सांग. मोठा कॉर्ड दाबल्या दाबल्या सुरू होते, का वाजवत गेलं की हळूहळू वाढते?

रंकाळा_पेटीवाला
दोन्ही.

शाहूपुरी_साउंड
दाबल्या दाबल्या होते ती आवाज फाटण्याची. वरचा मीटर लाल होत असेल. ग्रँडऑर्गचाच व्हॉल्यूम भरपूर खाली आण आणि स्पीकरचा वाढव. हळूहळू वाढते ती प्रोसेसरवरचा ताण. सूर सोडल्यावरच्या घुमाचंही सॅम्पल वाजत असतं, भराभर वाजवलंस की अशी शेपटं शेकड्यांनी जमतात. पॉलिफनीची (एका वेळी वाजणाऱ्या सॅम्पलची) मर्यादा कमी कर, साउंडच्या सेटिंगमधला बफर वाढव, आसिओ हा साउंडचा ड्रायव्हर टाक. ८ जीबीत मोठा संच बसत नसेल तर लोड करताना १६ बिट निवड.

आणि माझं मत विचारशील तर घुमवाला संच (चर्चचा घूम आतच रेकॉर्ड झालेला) नाटकाला घेऊच नकोस. कोरडा घे, हॉलचा घूम हॉल देईल.

फुल_ऑर्गन
हे चूक आहे. नाट्यगृह बोलणं स्पष्ट ऐकू यावं म्हणून बांधलेलं असतं, तिथे चर्चचा घूम कसा मिळणार? घुमवाल्या संचात आखूड, मध्यम आणि लांब सुरांसाठी वेगवेगळे शेवट रेकॉर्ड केलेले असतात. आखूड सुरात घूम भरायला वेळच मिळत नाही, म्हणून त्याचा शेवटही वेगळा असतो. नंतर रिव्हर्ब लावून ते मिळत नाही.

शाहूपुरी_साउंड
संवाद चालू असताना मागे इतका घूम ठेवलात तर नटांचा एकही शब्द कळणार नाही. मी नाटकांचा साउंड करतो म्हणून सांगतोय.

जवारी
संवादाखाली एकटा बूर्दों ८ ठेवा. त्याची नळी वरून बंद असते, म्हणून निम्म्या लांबीतच तेवढा खालचा सूर देते, आणि त्यात मुख्यतः विषम स्वयंभू स्वर असल्यामुळे आवाज पोकळ, मऊ येतो. शब्दांवर चढत नाही. पाद्री एकटा उरतो किंवा घंटा होते तिथे मोंत्र, प्रेस्तां, दुब्लेत आणि वर फुर्नित्यूर (एका पट्टीवर अनेक बारीक नळ्या वाजवणारी खुंटी). मग घूम कितीही असू दे.

@रंकाळा_पेटीवाला ऐकायची पद्धत सांगते. सॉफ्टवेअरमध्ये मिडी रेकॉर्डर आहे, तो आवाज नाही तर दाबलेल्या पट्ट्या नोंदवतो. चार ओळींची साधी चाल एकदाच वाजवून ठेवा. मग ती परत परत लावून फक्त खुंट्या बदला आणि हात मोकळे ठेवून ऐका. शिवाय प्रत्येक खुंटी खालपासून वरपर्यंत एकेक सूर सावकाश वाजवूनही ऐका. त्रोंपेत खाली दणदणीत आणि वर बारीक होत जाईल. फुर्नित्यूर ऐकताना मध्येच एखाद्या पट्टीवर आवाज खाली उडी मारल्यासारखा वाटेल. तेही बिघाड समजू नका. त्या नळ्या आधीच इतक्या बारीक की आणखी वर जाणं शक्य नसतं, म्हणून बांधणारा तिथून रांग खाली आणतो.

पायपेटी_अण्णा
गोव्यातलं चर्च असेल तर माझं म्हणणं मागे ठेवतो. पण लायसन्स बघा. पेनड्राइव्हवरून आलेली वस्तू, प्रयोगात वापरायला परवानगी आहे का?

जवारी
अण्णा बरोबर बोलतायत. संचाच्या फोल्डरमध्ये बहुतेक वेळा मजकुराची फाइल असते, ती वाचा. त्यात काही सापडलं नाही तर अल्सेसमधल्या रोमान्सविलरच्या ऑर्गनवरून केलेला ज्यू दोर्ग किंवा स्वीडनच्या बुरेआ चर्चचा संच मूळ जागेवरून उतरवून घ्या. दोन्ही फुकट आहेत. अटी त्यांच्याही वाचाच.

रंकाळा_पेटीवाला
दुसरं मॅन्युअल बोललं! त्यावरची फ्ल्यूट ४ आणि बूर्दों एकत्र ऐकली, अंगावर काटा आला. व्हॉल्यूम खाली आणल्यावर फाटणंही थांबलं. फक्त सूबास १६ अजून जवळजवळ ऐकूच येत नाही. मिडी तर जोडलंय, पट्टी खाली जाताना दिसते.

शाहूपुरी_साउंड
लॅपटॉपच्या स्पीकरवर येणारच नाही. १६ फुटीचा सगळ्यात खालचा सूर साधारण ३३ हर्ट्झचा आहे. हेडफोन लाव, कळेल. प्रयोगाच्या हॉलला सब (खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर) आहे का?

रंकाळा_पेटीवाला
नाही. दोन टॉप, बाकी काही नाही.

शाहूपुरी_साउंड
मग एकटी सूबास वापरू नकोस. पेडलला ८ फुटी खुंटी असेल तर ती जोडीला ओढ, नसेल तर मॅन्युअल-पेडल कपलर (मॅन्युअलच्या खुंट्या पेडलवर वाजवणारा) लाव. वरचे स्वयंभू स्वर ऐकू आले की कान खालचा सूर धरतो. रेकॉर्डिंग ग्रँडऑर्गमधूनच वेव्ह फाइलमध्ये घे, आणि शनिवारच्या तालमीला त्या दोन टॉपवर लावून बघ. संवादाखालची आणि मोकळी अशा दोन वेगळ्या फाइली दे, एकच लांब देऊ नकोस.