तिथीवरून भरतीची वेळ कशी काढायची?

प्रश्न: अलिबागला खडकांवर कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) पाहायला जायचंय. भरतीचा तक्ता हाताशी नसेल तर पंचांगावरून पाण्याची वेळ कळते का?

उत्तर १: कळते. तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर ४ × ¾ = ३, म्हणजे दुपारी तीनच्या आसपास पूर्ण भरती. सव्वासहा तास आधी आणि नंतर ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजा. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते.

उत्तर २: हिशेब मुंबईजवळच्या उघड्या किनाऱ्याचा आहे. खाडीत आत भरती उशिरा पोचते. तिथीची वृद्धी किंवा क्षय झाला (ती दोन दिवस आली किंवा गळाली) तरी अर्धा-पाऊण तास चुकतो, त्यामुळे जीव यावर सोपवू नका, तक्ता पाहाच.

उत्तर १: बरोबर. कालवांसाठी अष्टमीचा भांग (कमी भरती-ओहोटीचा काळ) टाळा, पाणी फारसं हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस उत्तम. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी उतरा, पाणी फिरलं की लगेच परता. आधी खडकांमागची सखल घळ भरते, पाय तिथेच अडकतात.