जुने क्रॉसिंग सिग्नल आणि मालगाड्या : नोंद नेमकी कशी करावी?

रूळवेडा :
अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका एकेरी रेल्वेमार्गावरचे तीन जुने क्रॉसिंग सिग्नल (रस्ता रूळ ओलांडतो तेथे गाडी येत असल्याची सूचना देणारे दिवे आणि घंटा) मी वर्षभर चित्रित करीत आहे. त्यांना अजूनही ८ ३/८ इंची लहान काचा, साधे बल्ब आणि ठोका पडणारी खरी घंटा आहे. शेजारच्या क्रॉसिंगवर नुकतेच १२ इंची एलईडी दिवे बसले, त्यामुळे हेही फार दिवस टिकतील असे वाटत नाही. माझ्याकडे चाळीसेक चित्रफिती आहेत; परंतु त्यांत सिग्नल दिसतो, मालगाडी दिसते, माहिती मात्र काहीच नाही. पुढे कोणाच्या उपयोगी पडेल अशी नोंद करायची असेल, तर काय टिपावे? शिवाय इंजिनाचा भोंगा वाजला की घंटेचा आवाज फाटतो, त्याचे काय करावे?

जुनी_घंटा :
प्रथम खांबावरची किंवा जवळची निळी पाटी टिपा. तिच्यावरील सहा अंक आणि एक अक्षर हा त्या क्रॉसिंगचा राष्ट्रीय क्रमांक असतो आणि त्यावरून फेडरल रेलरोड ॲडमिनिस्ट्रेशन या अमेरिकी सरकारच्या रेल्वेविषयक संस्थेच्या खुल्या नोंदवहीत त्या जागेची माहिती सापडते. गावाचे आणि रस्त्याचे नाव बदलले, तरी हा क्रमांक उपयोगी पडतो.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे वेळ. पहिला दिवा लागल्यापासून इंजिन रस्त्यावर येईपर्यंतचे सेकंद प्रत्येक गाडीसाठी मोजा. नियमाप्रमाणे ही पूर्वसूचना किमान २० सेकंदांची असावी लागते. जुन्या पद्धतीत रुळांतून वाहणारा प्रवाह ठरावीक अंतरावर चाकांमुळे वळवला जातो, रिले (त्या प्रवाहावर धरलेला विजेचा स्विच) सुटतो आणि दिवे लागतात (विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या ट्रॅक सर्किटचे तत्त्व हेच). अंतर ठरलेले असल्यामुळे ताशी ६० मैलांच्या गाडीला २० सेकंद मिळत असतील, तर ताशी २० मैलांनी रांगत येणाऱ्या मालगाडीला पूर्ण मिनिट मिळते. नवी यंत्रणा गाडीचा वेग ओळखून ही वेळ जवळपास सारखी ठेवते. म्हणजे सिग्नलच्या यंत्रणेचे खोके न उघडताही आत जुनी पद्धत आहे की नवी याचा अंदाज बांधता येतो.

एक दिवा मिनिटाला किती वेळा लागतो तेही मोजा. मर्यादा ३५ ते ६५ आहे. गाडी आल्यावर घंटा थांबते की वाजत राहते, हेही लिहा, कारण निरनिराळ्या रेल्वे कंपन्यांची रीत याबाबत निराळी आहे.

ध्वनिमुद्रक :
आवाज फाटतो तो बहुधा कॅमेरा ध्वनिमुद्रणाची पातळी आपोआप ठरवतो म्हणून. भोंग्याची पातळी १०० फुटांवर ९६ ते ११० डेसिबल असते, तेव्हा स्वयंचलित पातळी बंद करून ती हातानेच खाली ठेवावी. दोन लांब, एक आखूड आणि पुन्हा एक लांब असा भोंग्याचा क्रम गाडी क्रॉसिंगवर येण्याच्या १५ ते २० सेकंद आधी सुरू होतो. पूर्वसूचना त्याहून मोठी असेल, तर सुरुवातीचे काही सेकंद निव्वळ घंटाच मिळते. दिवे आळीपाळीने लागत असल्यामुळे एका छायाचित्रात एकच उजळलेला दिसेल. तो दोष समजू नये.

उभे मात्र सार्वजनिक रस्त्यावरच राहावे, रुळापासून किमान १५ फूट दूर. गाडी रुळाबाहेर दोन्ही बाजूंना तीन फूट किंवा अधिक पसरलेली असते. एखाद्या चित्रासाठी खडीवर पाय ठेवणाऱ्यांचे मला कधीच कौतुक वाटले नाही.

वाघीण_मोजणारा :
वेळेबरोबर वेग हवाच, नाहीतर ते सेकंद निरुपयोगी. ५३ फुटी कंटेनर खांबासमोरून जाण्यास लागलेला वेळ चित्रफितीतून मोजा, १.२ सेकंद लागले तर वेग ताशी सुमारे ३० मैल. वाघिणींवरची मालकाची ओळख सांगणारी अक्षरेही वाचा. शेवटी एक्स असेल, तर ती वाघीण रेल्वे कंपनीची नसून खासगी मालकीची असते.

रूळवेडा :
आपणा सर्वांचे आभार. रात्री दोन जुन्या चित्रफिती पुन्हा काढल्या. पहिलीत कंटेनरला १.२ सेकंद आणि पूर्वसूचना ४१ सेकंद, दुसरीत १.८ आणि ६१. वेग आणि वेळ यांवरून दिवे लागताना गाडी किती दूर होती ते काढले, तर अंतर दोन्ही वेळा सुमारे १,८०० फूट येते, म्हणजे हा सिग्नल अजून जुन्याच सर्किटवर चालत असावा. उरलेल्या अडतीस फिती आता याच दृष्टीने पाहतो. घंटा मात्र नव्याने मुद्रित करावी लागेल.