कदंबकाळात जाणारा बालचित्रपट: झेंडूवरून अडायचं का?

तांबडीमाती: गोव्यातली दोन मुलं बाराव्या शतकात, तेव्हा गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंबांच्या गोपकपट्टण बंदरात जाऊन पडतात, असा चित्रपट कुणी काढला तर माझी एकच अट: पोर्तुगिजांनी आणलेलं काही पडद्यावर नको. मिरची, काजू, पपई, अननस, बटाटा बाद. देवळाच्या तोरणातला झेंडूही बाद, तो मूळचा मेक्सिकोचा. घरं माडाच्या चुडतांनी शाकारलेली हवीत, मंगळुरी कौलं एकोणिसाव्या शतकातली. आणि किल्ला हवा म्हणून आग्वादला पळू नका, तो 1612 चा.

पटकथावाला: मुलं झेंडू बघायला येत नाहीत हो. असे चित्रपट आपटतात ते परतीच्या नियमावर. आजच्या काळात परतायचा दरवाजा कधी उघडतो ते फक्त लेखकाला ठाऊक असलं की शेवटी कसली धाकधूक? आणि कदंबांचे लेख कन्नड-संस्कृतात आहेत. तुमच्या अटीने मुलांना पहिलं वाक्यही कळणार नाही.

तांबडीमाती: भाषेची सूट घ्यावीच लागते, पण उघडपणे. पहिला प्रसंग कन्नडमध्येच, हातवाऱ्यांवर चालवा. मग मराठी सुरू करा. नियम तर बंदरातच पडलाय. दोन भरत्यांत साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणजे तीच भरती दुसऱ्या दिवशी सुमारे 50 मिनिटं उशिरा. दरवाजा ऐन भरतीलाच उघडतो असं ठरवा. मुलं घड्याळ बघून कालच्याच वेळेला धक्क्यावर हजर, पाणी अजून खाली, मागे पहारेकरी.

कलाविभाग: तुम्हा दोघांनाही खर्चाचं पडलेलं नाही. तांबडी सुर्लाच्या काळ्या दगडाच्या कदंबकालीन देवळाला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आजूबाजूच्या जंगलात शिरलात तर वनखात्याचीही. तिथे बाहेरून दोन-तीन लांबचे शॉट घ्या, खात्याचा निळा फलक चुकवून. आतलं सगळं सेटवर. थर्माकोलच्या खांबाला सरळ काळा रंग फासला की तो दिव्याखाली पत्र्यासारखा चमकतो. आधी राखाडी द्या, वर काळा स्पंजाने टिपा, शेवटी मॅट वॉर्निश. झेंडूऐवजी अबोली चालेल. मोगरा दिव्यांच्या उष्णतेने तपकिरी पडतो, जादा गजरे ठेवा. पण मागच्या डोंगरावरचे काजू पुसायला मी पैसे मागणार नाही. त्या अंतरावरून ते कुणाला ओळखू येतात?

तांबडीमाती: गोव्यात? शेंबड्या पोरालाही.

पटकथावाला: भरतीचं पटलं. मग मिरचीही उलटी वापरा की! मुलाच्या डब्यात लोणचं आहे. तिथल्या लोकांना तिखट म्हणजे मिरी आणि आलं. आचारी बोट चाटतो, जीभ पेटते, विषप्रयोग म्हणून मुलांना धरतात. मध्यंतर!

तांबडीमाती: आणि बिया?

पटकथावाला: मिठातेलात मुरलेलं बी रुजत नाही बाब.

तांबडीमाती: मग डब्यात एक कच्ची सुकी मिरचीही ठेवा, तिचं एखादं बी डब्याच्या झाकणाला चिकटलेलं. ते परसात पडलं तर तीनशे वर्षं आधीच मिरची लागते. आता मुलांना झाकण शोधायचंय आणि भरतीही गाठायचीय.

कलाविभाग: डबा पितळी ठेवा. स्टीलचा दिव्यात फार चमकतो.