बदाम बाळाच्या बुद्धीसाठी, आणि भाजीत सैंधव?

मिठाचा खडा
गरोदर बाईच्या ताटाबद्दल बोलायला सगळ्यांना आवडतं. केशराच्या दुधाने बाळ गोरं, बदामाने हुशार, लोणी चांदीच्या वाटीतच. खा बापडे, नुकसान नाही (खिशाचं सोडून). पण हीच घरं ‘केमिकल नको’ म्हणून आयोडीनचं मीठ बंद करून सैंधव आणतात, तेव्हा डोकं फिरतं. पहिले चार-साडेचार महिने बाळाची थायरॉइड ग्रंथी स्वतःचं भागवू शकत नाही. मेंदूच्या पेशी तयार होणं, त्या आपापल्या जागी जाणं हे सगळं आईच्या थायरॉइडच्या जिवावर चालतं, आणि त्याला आयोडीन लागतं. जागतिक आरोग्य संघटना एरवी मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम सांगते, गरोदरपणात २५०. सैंधवात ते नावापुरतं असतं. माझं स्पष्ट मत, नऊ महिने सैंधव घरात नको. पटत नसेल तर बोला.

शतावरी
नाही पटत. आयुर्वेदाने सगळ्या लवणांत सैंधव श्रेष्ठ सांगितलंय. आपल्या पणज्या काय पाकिटातलं मीठ खात होत्या? तेव्हा सगळी मुलं मंदबुद्धी निपजत होती का? माझ्या दोन्ही बाळंतपणांत सैंधवच होतं, दोन्ही मुलं वर्गात पुढे आहेत.

मिठाचा खडा
शतावरीताई, सगळी नाही, पण काही भागांत निपजत होती. हिमालयाच्या पायथ्याला आयोडीन कमी पडून गावंच्या गावं गलगंडाची (गळ्याला थायरॉइडची सूज) होती, आणि त्यांच्यात मुकी-बहिरी, वाढ खुंटलेली मुलं जन्मत. डॉ. रामलिंगस्वामींनी १९५६ पासून आजच्या हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात आयोडीनचं मीठ देऊन पाहिलं, गलगंड झपाट्याने उतरला. आज देशभर मिठात आयोडीन घालतात त्याचं मूळ तिथे आहे. आणि हो, ‘हिमालयन पिंक’ म्हणून मिरवतं ते बहुतेक पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतून येतं.

कोकणातली सूनबाई
आमच्याकडे खडे मीठच असायचं, त्यातही आयोडीन फारसं नसतं म्हणे. पण रोज बांगडा, सुकट, कोळंबी. पणजीचं मीठ आठवायचं तर तिचं कालवणही आठवा. आता शहरात सैंधव आणि शुद्ध शाकाहार, दोन्ही एकदम.

आकडेमोड्या
दोन्हीकडचा उत्साह पाहून थोडं थंड पाणी ओततो. बंगळूर आणि बँकॉकमध्ये आयोडीनची सौम्य कमतरता असलेल्या ८३२ गरोदर बायकांवर चाचणी झाली. अर्ध्या जणींना रोज २०० मायक्रोग्रॅम आयोडीन, बाकीच्यांना तशीच दिसणारी, पण आयोडीन नसलेली गोळी. मुलं पाच-सहा वर्षांची झाल्यावर बुद्ध्यांक तपासला. फरक नाही. निष्कर्ष २०१७ साली आले. माशाच्या तेलातल्या डीएचए या स्निग्धाम्लाचं तेच. ऑस्ट्रेलियात रोज ८०० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, सातव्या वर्षी बुद्ध्यांक सारखाच. तरी दुकानात त्याच्या कॅप्सूल ‘बाळाच्या मेंदूसाठी’ म्हणून विकतात.
आणि १९४४-४५ चा नेदरलँड्समधला दुष्काळ घ्या. उपाशी आयांच्या पोटची मुलं एकोणीस वर्षांची झाल्यावर सैन्यभरतीच्या बुद्धिचाचणीत इतरांइतकेच गुण मिळवून गेली. आईचं ताट म्हणजे मुलाचं प्रगतिपुस्तक नव्हे. हे ओझं बायकांच्या डोक्यावर कशाला?

मिठाचा खडा
डीएचएचं मान्यच, मी त्याचं नावही काढलं नव्हतं. पण त्याच डच मुलांमध्ये, भर दुष्काळात गर्भ राहिलेल्यांत, पुढे स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. मेंदू म्हणजे फक्त बुद्धिचाचणीचे गुण नाहीत. आणि बंगळूरच्या चाचणीने इतकंच सांगितलं की थोडं कमी असलेल्यांना वरून देऊन फायदा दिसला नाही. घरातलं आयोडीनच बंद केलं तर चालेल, असं त्यात कुठे आहे?

आकडेमोड्या
तसं मी म्हटलंही नाही. मी म्हणतो घाबरवू नका.

कोकणातली सूनबाई
मिठावरच का अडलात? आपल्याकडे मोठं दुखणं बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. याज्ञिक आणि केईएम रुग्णालयाच्या लोकांनी १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांची मुलं पाहिली. साठ टक्क्यांहून जास्त बायकांच्या रक्तात बी-१२ कमी. ज्यांचं फारच कमी होतं, त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष टिकवण्यात आणि आकडे ध्यानात ठेवण्यात मागे पडली.

आकडेमोड्या
आणि म्हैसूरला अशीच पाहणी झाली, त्या मुलांत? तिथे आईच्या बी-१२ शी काही संबंध सापडला नाही, फोलेटशी (फॉलिक अॅसिडवालं जीवनसत्त्व) सापडला. शिवाय पुण्यातली ती मुलं सव्वाशेच्या आतच होती.

शतावरी
म्हणजे शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, आणि आम्ही मात्र आजीचं सोडायचं!

अंगणवाडीवाली
मी आदिवासी भागात काम करते. तुमचं वाचून हसू आलं, रागही आला. आमच्याकडे सैंधव की साधं हा प्रश्नच नाही. बाई सगळ्यांना वाढून उरलेलं खाते. सासू म्हणते, जास्त खाल्लंस तर बाळ मोठं होईल, बाळंतपण अडेल. लोहाच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, शी काळी होते, म्हणून गोळ्या फळीवर पडून. आणि फॉलिक अॅसिडचं बोलायचं तर ते ज्यासाठी लागतं ती बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते. आमच्याकडे नाव नोंदवायला बाई येते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. ज्याला उशीर झाला त्याला बदाम काय करणार?
अमृत आहार योजनेत एक वेळचं गरम जेवण मिळतं. पण बाईला अंगणवाडीत बसून जेवायला घरचे सोडतात कुठे, मग डबा घरी नेते आणि घरात सगळ्यांत वाटला जातो. आधी ती पोटभर जेवेल असं बघा, मग मीठ.

मिठाचा खडा
ताई, ‘आधी हे, मग ते’ कशाला? त्या जेवणातलं मीठ आयोडीनचं असलं तर वेगळा खर्च काय आहे? सगळ्यात स्वस्त उपाय तोच.

अंगणवाडीवाली
खर्च नाही, खरंय. पण या धाग्यावर मिठावर किती बोललात आणि जेवणावर किती, ते वर जाऊन मोजा.

शतावरी
मला सहाव्या महिन्यात बीपीमुळे डॉक्टरांनी मीठच कमी करायला सांगितलं होतं. मग तुमचे २५० कुठून आणायचे?

मिठाचा खडा
मीठ किती खायचं ते डॉक्टर ठरवतील. जे खाल ते आयोडीनचं घ्या, झाकण लावून ठेवा, दूध-दही-अंडं चालत असेल तर घ्या. आणि थायरॉइडचा त्रास असेल तर आयोडीनची गोळी मनाने सुरू करू नका, जास्त आयोडीनही बाधतं.

शतावरी
दही चालतं. सैंधव उपासाला ठेवेन.

आकडेमोड्या
गरोदरपणात उपास? त्यावर वेगळा धागा काढा.