सॉफ्टबॉल : बॅटिंग करताना पुढचा पाय बाहेर पडतो, उपाय सुचवावा (मदत हवी आहे)

नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावात मी माध्यमिक शाळेच्या मुलींना सॉफ्टबॉल शिकवतो. संघातील आठवीतली एक मुलगी उजव्या हाताने बॅटिंग करते. तिची नजर चांगली आहे आणि हातही चपळ आहेत. परंतु पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या) हातून चेंडू सुटताच तिचा डावा पाय पिचरच्या दिशेने न पडता तिसऱ्या बेसकडे, म्हणजे प्लेटपासून (बॅटरसमोर जमिनीवर असलेल्या पाटीपासून) दूर पडतो. पायामागोमाग कंबर आणि खांदा वेळेआधी उघडतात (पिचरकडे वळतात), डोके चेंडूवरून हटते आणि प्लेटच्या बाहेरच्या कडेवरून जाणाऱ्या चेंडूपर्यंत बॅट पोचत नाही. पोचलीच तर टोक लागून चेंडू लुळा घरंगळतो. आमचे मैदान तांबड्या मातीचे असल्याने सरावानंतर तिच्या पायाच्या खुणा स्पष्ट दिसतात. मागच्या पायाची खूण एकाच जागी खोल रुतलेली असते, तर पुढच्या पायाच्या सगळ्या खुणा तिरक्या रेषेत वीतभर बाहेर सरकलेल्या असतात.

दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. टीवर (चेंडू ठेवायच्या उभ्या दांड्यावर) ठेवलेला चेंडू मारताना हाच पाय अगदी सरळ पडतो. आणि समोरून पिच (पिचरने टाकलेला चेंडू) येते तेव्हा चेंडू आतला असो वा बाहेरचा, पाय बाहेरच जातो. म्हणजे चेंडू कुठे येणार हे कळण्यापूर्वीच तो निघालेला असतो.

कारणे दोन संभवतात. मागील हंगामात एक चेंडू तिच्या बरगडीवर बसला होता, त्यामुळे भीती हे उघड कारण आहे. दुसरे कारण क्रिकेटचे. सुट्टीत ती भावंडांबरोबर खळ्यात टेनिस बॉलने खेळते आणि तिथे लेगला सरकून, जागा करून ऑफला मारण्यात ती पटाईत आहे. क्रिकेटमध्ये गोलंदाज यष्टींवर चेंडू टाकतो, त्यामुळे जागा करण्यात फायदा असतो. सॉफ्टबॉलची प्लेट १७ इंच रुंद असते आणि पिचर बाहेरची कड साधू लागली की जागा करणारी बॅटर आपणहून चेंडूपासून लांब गेलेली असते. (आमच्याकडे प्रत्येक मूल आधी क्रिकेटरच असते, त्यामुळे ही अडचण केवळ माझ्या संघाची नसावी.)

टाचांमागे बांबू आडवा ठेवून पाहिला. बांबू असेपर्यंत पाय सरळ पडतो, उचलला की पुन्हा तेच. बांबूऐवजी जांभ्याचा चिरा ठेवण्याचा सल्ला एका पालकांनी दिला, तो मी मानला नाही. घोटा मुरगळला तर हंगामच जाईल. शालेय स्पर्धा गणपतीनंतर लागतील. आधी भीतीवर काम करावे की सवयीवर, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

सर, आधी भीती आणि सवय वेगळी करून पाहा. त्याच पिचरकडून, त्याच अंतरावरून काही पिच टेनिस बॉलने टाकून घ्या. पाय सरळ पडू लागला तर भीती, तसाच बाहेर गेला तर सवय. महिलांच्या खेळात पिचिंगचे अंतर ४३ फूट असते. ताशी ७० किलोमीटरने आलेल्या चेंडूला पाऊण सेकंदही लागत नाही. एवढ्या वेळात मुलीला ‘पाय!’ म्हणून ओरडून सांगण्याचा काहीही उपयोग नसतो, उलट तिचे लक्ष चेंडूवरून पायाकडे जाते.

भीती असेल तर अंगावर येणारा चेंडू कसा घ्यायचा हे आधी शिकवा. पुढचा खांदा कॅचरकडे (प्लेटमागे बसलेल्या खेळाडूकडे) आत वळवायचा, हनुवटी छातीला लावायची, बॅट खाली घ्यायची आणि चेंडू पाठीच्या मांसल भागावर घ्यायचा. टेनिस बॉल मुद्दाम अंगावर टाकून हे अंगवळणी पाडावे लागते. आपण कसे वाचू हे शरीराला ठाऊक झाले की पाय आपोआप थांबतो, असा माझा अनुभव आहे.

सवय असेल तर काही काळ पाऊल उचलणेच बंद करा. पाय आधीच फाकवून, पुढची टाच किंचित उचलून उभे राहायचे आणि चेंडू येताना फक्त टाच टेकवायची. जोडीला टी प्लेटच्या बाहेरच्या कडेवर ठेवा आणि चेंडू दुसऱ्या बेसच्या उजवीकडे मारायला सांगा. कंबर लवकर उघडली तर तो तिकडे जातच नाही, त्यामुळे चूक तिची तिलाच कळते. पायाचा पंजा थोडा उघडा पडला तर मात्र अडवू नका, खांदा बंद राहिला म्हणजे पुरे. आणखी एक सांगून ठेवा : बॅटर्स बॉक्स (बॅटरने उभे राहायचा आखलेला चौकोन) ३ फूट रुंद असतो, पाऊल पूर्णपणे रेषेबाहेर टेकलेले असताना बॅटला चेंडू लागला तर बॅटर बाद होते.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. टेनिस बॉलची चाचणी केली. सुरुवातीचे काही चेंडू पाय सरळ पडला, पण एक चेंडू आत येताच पुढच्या प्रत्येक चेंडूला तो बाहेर गेला. म्हणजे मूळ भीतीच दिसते आणि क्रिकेटने तिला पळवाट दिली आहे. त्यामुळे अंग वळवण्यापासून सुरुवात करतो. सध्या पावसामुळे मैदान चिखलाचे आहे आणि सराव शाळेच्या लांब पडवीत चालतो, जिथे ४३ फूट मिळत नाहीत. कमी अंतरावरून हळू टॉस करून हाच सराव घ्यावा, की पाऊस उघडेपर्यंत केवळ टीवर भर द्यावा?