डब्लिन वेस्टने वराडकरला लाथाडलं वगैरे काही नव्हतं, २०२० चा निकाल आधी नीट वाचा

आकडेमोड्या:
काल इथे एकाने आयर्लंडचा तेव्हाचा पंतप्रधान लिओ वराडकर ह्याच्याबद्दल लिहिलं, "मालवणच्या पोराला पंतप्रधान असताना त्याच्याच मतदारसंघाने लाथाडलं, पाचव्या फेरीत कसाबसा तरला, असा असतो जनतेचा कौल." खाली लाइकचा पाऊस. वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय.

८ फेब्रुवारी २०२० ला मतदान झालं तेव्हा डब्लिन वेस्ट ह्या त्याच्या मतदारसंघातून चार जण निवडून जायचे. शिन फेन पक्षाच्या पॉल डॉनेलीला पहिल्या पसंतीची १२,४५६ मतं, तो पहिल्याच फेरीत आला. वराडकरला ८,४७८. कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, होता पावणेनऊ हजारांच्या आसपास, म्हणजे थोडक्यात कमी पडला आणि इतरांकडून पुढच्या पसंतीची मतं मिळून पाचव्या फेरीत पूर्ण झाला. आता मागे जा. २०११ ला ह्याच माणसाला ८,३५९ होती, २०१६ ला ८,२४७. तीन निवडणुका त्याचं मत आठ-साडेआठ हजारांवर ठाम आहे, उलट २०२० ला सगळ्यात जास्त आहे. लाथाडलं कुठे? बदललं काय तर शिन फेनची लाट आली आणि त्यांचा इथे एकच उमेदवार होता, सगळी मतं एका डोक्यावर पडली.

आणि पाचवी फेरी म्हणजे पाचव्यांदा आपटला असं नसतं हो. आपल्या विधान परिषदेच्या निकालाला रात्र रात्र जागणाऱ्या लोकांना हे मी सांगायला पाहिजे का? जून २०२२ ची राज्यसभा आठवा, पहिल्या पसंतीत संजय पवार ३३ आणि धनंजय महाडिक २७, निवडून कोण आलं?

कोकणकडा_७७:
ज्या पोस्टवर तुम्ही चिडलात ती माझीच. आकडे बरोबर आहेत तुमचे, ते मी नाकारत नाही. पण राजकारण आकड्यांच्या पलीकडे असतं. सत्तेवरचा टीशाख, म्हणजे पंतप्रधान, स्वतःच्या घरच्या मतदारसंघात दुसरा येतो हे आयर्लंडमध्ये आधी झालं नव्हतं. पंतप्रधान नसताना २०१६ ला ८,२४७ आणि पंतप्रधान होऊन, जगभर फोटो छापून येऊन २०२० ला फक्त २३१ जास्त? एवढं मोठं पद मिळाल्यावर आपल्याकडे माणूस लाखाने लीड वाढवतो. लोकांनी त्याला थंड प्रतिसाद दिला हे मान्य करायला काय जातं? पक्षसुद्धा तिसऱ्या नंबरवर फेकला गेला, जागा फिआना फॉइल ३८, शिन फेन ३७ आणि त्याची फिना गेल ३५.

आणि मुळात तो टीशाख झाला २०१७ मध्ये तेव्हा सार्वत्रिक निवडणूक नव्हतीच. पक्षांतर्गत मतदान. त्यातही साध्या सदस्यांची मतं प्रतिस्पर्धी कोव्हनीला जास्त, आमदार-खासदारांच्या जोरावर हा जिंकला. जनतेने कधी निवडला सांगा.

वराड_सुकळवाड:
तुमका कित्याक तरास होता? आमच्या वराड गावचो झील एका देशाचो पंतप्रधान झालो, डिसेंबर २०१९ मध्ये घरच्या सगळ्यांका घेऊन गावात इलो, अख्खो गाव रस्त्यावर होतो. त्याचे वडील डॉक्टर अशोक वराडकर ह्याच मातीतले. तो स्वतः डॉक्टर, मुंबईत केईएमला काही काळ काम करून गेलाय. आमच्याकडे त्या दिवशी कोणी कोटा विचारत नव्हता. कौतुक करायचं सोडून दुसरा आला तिसरा आला काय लावलंय.

ब्लँच_वहिनी:
मी ह्याच मतदारसंघात राहते, ब्लँचर्ड्सटाऊनच्या जवळ, म्हणून बोलते. कौतुक सगळ्यांना आहे हो, मलाही होतं, तो झाला तेव्हा माझ्या सासूबाईंनी डोंबिवलीत पेढे वाटले. पण इथे २०२० ला वातावरण काय होतं ते कोणीच लिहीत नाहीये. भाडी. आमच्या घरमालकाने दोन बेडरूमचं भाडं असं वाढवलं की माझा अर्धा पगार त्यातच, आणि घर सोडलं तर पुढच्या घराच्या व्ह्यूइंगला रस्त्याच्या वळणापर्यंत रांग. हॉस्पिटलात माणसं ट्रॉलीवर झोपलेली. नऊ वर्षं फिना गेल सत्तेत होती, मग राग कोणावर काढणार? कॅसलनॉकचे स्वतःचं घर असलेले लोक त्यालाच मत देत राहिले आणि मलहडार्ट, कॉरडफ इकडची मतं डॉनेलीला गेली. माझ्या मैत्रिणीने डॉनेलीला १ दिला आणि वराडकरला ४. त्यात लाथ कुठे आली? तिला आधी भाडं कमी करून पाहिजे होतं, बस.

आणि एक सांगू का, इथले निम्मे मराठी लोक त्या निवडणुकीत मत देऊच शकत नव्हते. डॉइलसाठी, म्हणजे इथल्या संसदेसाठी, आयरिश किंवा ब्रिटिश नागरिकत्व लागतं. कौन्सिलला मात्र इथे राहणारा कोणीही मत देऊ शकतो, पासपोर्ट कुठलाही असो. मी फिंगल कौन्सिलसाठी दिलंय. तरी आपले लोक नावच नोंदवत नाहीत आणि व्हॉट्सअॅपवर भांडतात वराडकर आपला की नाही. मला ह्याचा जास्त संताप येतो.

आकडेमोड्या:
वहिनी, कौन्सिलचा मुद्दा बरोबर. २००४ मध्ये कॅसलनॉकमधून त्याला ४,८९४ पहिल्या पसंतीची मतं होती, त्या वर्षी देशात कुठल्याच कौन्सिल उमेदवाराला तेवढी नव्हती. @कोकणकडा, जनतेने कधी निवडला विचारत होतात ना? हे घ्या. आणि २००७, २०११, २०१६, २०२० चारही वेळा डॉइलवर. पंतप्रधान थेट जनतेने निवडायचा हा नियम आयर्लंडमध्ये नाही तसा आपल्याकडेही नाही.

मला खरा राग येतो तो डब्लिन वेस्ट म्हणजे फक्त वराडकर असं समजण्याचा. १९८१ ला झालेला मतदारसंघ. १९८२ मध्ये फिआना फॉइलचा पंतप्रधान हॉही, त्याने काय केलं? सरकार काठावर होतं म्हणून विरोधी फिना गेलचाच इथला आमदार डिक बर्क, त्याला युरोपियन कमिशनर करून ब्रसेल्सला पाठवला, की पोटनिवडणुकीत जागा आपली होईल. आली नाही! फिना गेलचा लियाम स्केली निवडून आला. प्रचारात एका वसाहतीत झाडं लावली होती ती हरल्यावर उपटून नेली असं तिथे अजून सांगतात.

आणि जो हिगिन्स! १९९६ ची पोटनिवडणूक, पाणीपट्टीविरोधातला समाजवादी माणूस, ब्रायन लेनिहनकडून फक्त २५२ मतांनी हरला, त्याच वर्षअखेर सरकारने पाणीपट्टीच गुंडाळली आणि १९९७ ला तो निवडून आला. २००७ ला पडला, २०११ ला परत आला. त्याच २०११ ला ब्रायन लेनिहन, बँका बुडाल्या तेव्हाचा अर्थमंत्री, सगळा देश त्याच्यावर खवळलेला, पहिल्या पसंतीत चौथा आणि तरी निवडून आला. अख्ख्या डब्लिनमध्ये फिआना फॉइलचा तो एकटाच. चौथा येऊन निवडून येतो त्या गावात दुसरा आला म्हणून छाती पिटायची?

निवडणूक_ड्युटी_मास्तर:
एक गोष्ट कोणीच काढली नाही. डब्लिन वेस्ट २००२. तिथे मतदान यंत्रावर झालं होतं, देशात फक्त तीन मतदारसंघ, डब्लिन नॉर्थ, डब्लिन वेस्ट आणि मीथ. पुढे काय झालं? पन्नास मिलियन युरोच्या वर खर्च, साडेसात हजारांच्या आसपास यंत्रं, २००४ मध्ये त्यांच्याच आयोगाने सांगितलं की ह्यावर विश्वास ठेवा म्हणून आम्ही शिफारस करू शकत नाही, २००९ ला योजना बंद आणि २०१२ ला सगळी यंत्रं भंगारात ७०,२६७ युरोला. श्रीमंत देश कागदावर परत गेला. आपण?

पुणेरी_टेस्टर:
हे येणारच होतं. मास्तर, त्या डच यंत्रांना कागदाची चिठ्ठी नव्हती आणि मोजणी पीसीवरच्या सॉफ्टवेअरने व्हायची. आपल्या यंत्राला व्हीव्हीपॅट आहे, २०१९ च्या लोकसभेत सगळ्या मतदारसंघांत होतं. दोन वेगळ्या वस्तूंची तुलना करून अफवा पसरवू नका.

निवडणूक_ड्युटी_मास्तर:
अफवा? शब्द जपून वापरा. मी शाळेत नोकरी करताना मतपेट्या डोक्यावर घेऊन नदी ओलांडलीय, मोजणीला रात्रभर बसलोय. शिक्का अर्धवट पडला की दोन्ही पक्षांचे एजंट टेबलावर वाकून भांडायचे, पण भांडण उघड असायचं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मशीन आल्यावर सकाळी नऊला निकाल कळतो आणि हरलेल्याला का हरलो ते कळत नाही. आयरिश माणसाला हेच टोचलं. तिथे मोजणीच्या दिवशी प्रत्येक पक्षाची माणसं कठड्याला टेकून उलगडणारी मतपत्रिका बघत टॅली, म्हणजे आपली स्वतःची मोजदाद, करतात, २००२ ला यंत्राने एकदम निकाल जाहीर केला. डब्लिन नॉर्थमध्ये नोरा ओवेन, माजी मंत्री, हरल्याचं तिला भर हॉलमध्ये सगळ्यांसमोर कळलं. लोकांना ते क्रूर वाटलं.

पुणेरी_टेस्टर:
क्रूर वाटणं आणि चुकीचं असणं ह्यात फरक आहे. मी यंत्र तपासायचंच काम करतो, कागद पवित्र असतो हे मी ऐकून घेणार नाही. बिहारात मतपेट्या पळवायचे तो कागदच होता ना? आणि तुमच्या आयरिश कागदात पण गंमत आहे. निवडून आलेल्याची कोट्यावरची शिल्लक मतं दुसऱ्याकडे देताना पुढच्या फेऱ्यांमध्ये गठ्ठ्यातले वरचे प्रत्यक्ष कागद उचलून देतात, अपूर्णांकाने नाही. म्हणजे कुठला कागद वर होता त्यावर त्याच्यापुढची पसंती ठरते. काठावरच्या जागेला हा नशिबाचा भाग आहे. हे चालतं तुम्हाला?

निवडणूक_ड्युटी_मास्तर:
हो, चालतं. कारण तो नियम आधी छापलेला आहे आणि उचलताना मी बघू शकतो. तुमची व्हीव्हीपॅटची चिठ्ठी आहे हे मान्य, पण सगळ्या चिठ्ठ्या मोजतात का? नाही ना. मग?

पुणेरी_टेस्टर:
सगळ्या मोजाव्यात ह्याला माझा विरोध नाही, कधीच नव्हता. यंत्र भंगारात घाला ह्याला आहे.

कोकणकडा_७७:
धागा वराडकरचा होता.

@आकडेमोड्या, तुमच्या लेनिहनच्या उदाहरणाने माझाच मुद्दा सिद्ध होतो. त्याला लोकांनी माणूस म्हणून वाचवलं. वराडकरने मार्च २०२४ ला राजीनामा जाहीर केला, एप्रिलमध्ये पायउतार झाला आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत उभाच राहिला नाही, तरी फिना गेलची एमर करी तिथून आली. म्हणजे ते आठ हजार त्याचे नव्हते, पक्षाचे होते. हक्काचे. म्हणूनच तीन निवडणुका हलले नाहीत.

ब्लँच_वहिनी:
२०२४ ला जागा पाच झाल्या होत्या, ते पण धरा. आणि समाजवादी रुथ कॉपिंजर परत आली! २०२० ला डॉनेलीची शिल्लक मतं मिळूनही ती पडली होती, ग्रीनवाला ओ'गॉर्मन आला होता. ह्या वेळी दोघंही आले. मला ती आवडते, घरांवर तीच एक सतत बोलते. आमच्याकडे लेकीने विचारलं की आई तू कोणाला दिलंस, म्हटलं बाई मला अजून हक्क नाही, अर्ज केलाय नागरिकत्वाचा.

आकडेमोड्या:
@कोकणकडा, पक्षाचं मत पक्षाकडे राहिलं हे मानतो, तेवढं मानतो. पण मग "लाथाडलं" कसं म्हणता? हक्काचं मत हललं नाही हे तुम्हीच आत्ता लिहिलंत. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. लाथाडणं बघायचं तर जोन बर्टन बघा. २०११ ला ह्याच मतदारसंघात ९,६२७ घेऊन पहिली, २०१४ ला उपपंतप्रधान, २०१६ ला शेवटच्या जागेवर कशीबशी, २०२० ला घरी. लेबर पक्षाने कपातीला साथ दिली त्याची किंमत तिने मोजली. तिच्यावर कोणी मराठीत एक ओळ लिहिली नाही कारण ती मालवणची नाही.

वराड_सुकळवाड:
ती मालवणची नाही ह्यात आमचो काय दोष?

कोकणकडा_७७:
"लाथाडलं" शब्द मागे घेतो, त्याऐवजी "पंतप्रधान असूनही वाढला नाही" वाचा. पोस्ट काढणार नाही. आणि मास्तरांनी ईव्हीएमचा वेगळा धागा काढावा, तिथे मी त्यांच्या बाजूने येईन.

निवडणूक_ड्युटी_मास्तर:
काढतो आज रात्री. टेस्टर, तुम्ही या, पण त्या आयरिश आयोगाचा २००४ चा अहवाल वाचून या.