मदत हवी आहे: आजीचा डोळा मिटत नाही, तिसरी नर्व्ह लिहू की सातवी? उद्या फाईल द्यायची आहे!

जीएनएम_थर्डइयर: नर्सिंगच्या कम्युनिटी पोस्टिंगला आहे, भंडारा जिल्हा. केस स्टडीच्या आजींचा उजवा डोळा मिटत नाही. बाकी सगळं नॉर्मल. बार्थेलमध्ये (रोजची कामं स्वतः जमतात का, त्याचे गुण) १०० पैकी १०० येतात, मॅडम म्हणतील घरी बसून भरलं. लवकर सांगा, रात्री लाईट जाते.

उपकेंद्रवाली: पापणी उघडते तिसरी, मिटते सातवी. कधीपासून? आठ्या पडतात? तोंड वाकडं? 'बाकी नॉर्मल' म्हणजे काय बाई?

जीएनएम_थर्डइयर: आठ्या पडतात, तोंड सरळ. कधीपासून ते विचारलं नाही.

धानवाला: लकवा आहे जी. आमच्या मामाले कबुतराचं रक्त चोळलं, महिन्यात फरक.

आयसीयू_नागपूर: आठ्या पडतात म्हणजे सेंट्रल, बिघाड मेंदूत. सीटी करा.

उपकेंद्रवाली: सेंट्रलमध्ये तोंड वाकडं होतं, डोळा बहुतेक मिटतो. इथे नेमकं उलटं. सातवीची एकच फांदी गेलेली दिसते. गालावर चट्टा आहे का?

जीएनएम_थर्डइयर: आहे ना, फिकट. नायटा समजून 'स्किन इंटॅक्ट' लिहिलं.

आयसीयू_नागपूर: नायटा इंटॅक्ट?? 😀

उपकेंद्रवाली: बॉलपेनचं टोक हलकं टेकव, कुठे लागलं ते आजींनी बोटाने दाखवायचं. डोळे मिटा म्हणशील तर एक उघडाच राहील, पदर धर. चेहऱ्यावर बधिरता कधी कधी सापडत नाही, म्हणून हातपायही तपास. कोपरामागची नस दोन्हीकडे चाचप.

बदली_कधी: तुम्हाला स्टायपेंड किती मिळतो?

जीएनएम_थर्डइयर: जाऊन आले. गालावर पाचपैकी तीनदा बरोबर सांगितलं. पण उजव्या करंगळीला काहीच कळत नाही आणि कोपरामागे नस सुतळीसारखी लागते. करंगळीवर फोड होता. आजी म्हणाल्या, "चुलीवरचा गंज (पातेलं) उतरवला व माय, पोळलं ते संध्याकाळी दिसलं." डोळा रोवणीपासून (भातलावणी) असा आहे.

वर्धेकर: महारोग. वरोऱ्याला आनंदवनात नेऊन सोडा.

उपकेंद्रवाली: चट्टा, बधिर करंगळी, जाड नस, म्हणजे कुष्ठरोगच वाटतो, पण सोडा काय? पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्र) एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगाची औषधं, फुकट आहे, ६ किंवा १२ महिने, घरी राहूनच. रोवणीपासून म्हणजे सहा महिनेही झाले नाहीत. नस वाचवायला डॉक्टर स्टेरॉइड देऊ शकतात, म्हणून उद्याच ने. तोवर डोळ्याला धूळ लागू देऊ नको आणि गंज फडक्याने धरायला सांग.

जीएनएम_थर्डइयर: आणि बार्थेल?

उपकेंद्रवाली: १००च लिही. जेवण, आंघोळ, चालणं सगळं स्वतः करतात ना? खाली पोळलेल्या करंगळीची ओळ घाल. मॅडमने विचारलं तर फोड दाखव.

धानवाला: मामाले फरक पडला होता पण.